सदाफुलीचं पिंजण

काकूच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला आणि मी लगेच हॉस्पिटलच्या पिशवीची यादी केली: चादर, थर्मास, लिंबं, जुने रिपोर्ट. सोमवारी इंजेक्शनचं पहिलं सलाइन लागणार होतं. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर घेतलं तर हा कॅन्सर पुष्कळदा पूर्ण बरा होतो, फक्त चुकवू नका. सामान घेऊन मल्हारगंजला काकांकडे पोहोचले, तर बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. चादरी अंथरून त्यांवर सदाफुलीची पानं वाळत घातलेली.

"अन्नपूर्णा भागातल्या सगळ्या बगीच्यांतून आणली," काका म्हणाले. "सोमवारचं कॅन्सल. काढा सुरू करतोय."

"काका, काढा कशाचा?"

"तूच बोलली ना बेटा, ते इंजेक्शन याच सदाबहारमधून निघतं. मग सीधं पानच देऊ की. ताजं. कारखान्याचा माल कशाला?"

बोलले होते, हे खरं. धार रोडवर, बेटम्याच्या अलीकडे, सदाफुलीच्या पानांतून औषधी द्रव्यं वेगळी काढणारा एक छोटा कारखाना तेव्हा नवा निघाला होता. त्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. शहरात मिलचे भोंगे एकेक करून गप्प होत होते, आणि शहराबाहेर असे कारखाने उगवत होते. काकांनी मिलच्या सूतकताई खात्यात आयुष्य काढलं होतं. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं, तेव्हापासून कारखाना या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. त्यांना नुसतं समजावून उपयोग नव्हता.

काकू आतून म्हणाली, "वाद नको. उद्या आम्हां दोघांना तुझा कारखाना दाखव. बघते आणि मग ठरवते. गाठ माझी आहे."

शनिवारी साहेबांची परवानगी घेतली आणि दोघांना नेलं. गोदामात वाळक्या पानांची पोती छतापर्यंत रचलेली होती. काका खूश झाले. "बघ, हीच ती पानं."

मग मी त्यांना पुढे नेलं. या पानांत अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात आणि त्यांचा स्वभाव मोठा सोयीचा असतो. आम्ल घातलं की ती पाण्यात उतरतात; अमोनिया घालून पाणी अल्कधर्मी केलं की त्यांना पाणी नकोसं होतं आणि ती पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात जाऊन बसतात. असं इकडून तिकडे नेत राहायचं. दर फेरीत मेण, हिरवा रंग, चिकटा मागे पडतो. नोकरीत इतकी वर्षं काढूनही मला याचं कौतुक वाटतं: एवढ्या गिचमिडीतून एक द्रव्य निवडायचं, तेही त्याच्या आवडीनिवडीवरून.

"हे तर पिंजण आहे," काका म्हणाले. "कापूस मोकळा करा, कचरा काढा, परत मोकळा करा."

"तसंच. पण इथे कचऱ्यातही दुसरे अल्कलॉइडच निघतात. हे बघा."

मी काचेची पट्टी दाखवली. तिच्यावर पानाच्या अर्काचा थेंब ठेवून तो द्रावकाबरोबर वर चढू दिला होता आणि मग रंग उमटवणारं रसायन फवारलं होतं. खालून वरपर्यंत ठिपकेच ठिपके होते, जांभळे, निळसर, पिवळट. शेजारी शुद्ध द्रव्याचा एकच ठिपका होता. अर्काच्या रांगेत त्या उंचीवर नीट पाहिलं तर एक पुसटशी सावली दिसत होती.

काकूने चष्मा वर केला. "काढ्यात हे सगळे ठिपके येणार?"

"सगळे. कुणी रक्तदाब उतरवेल, कुणी साखर. आणि हवं ते किती येईल, सांगता येत नाही. एका झाडाचं पान दुसऱ्यासारखं नसतं. शिवाय ते पोटातून घ्यायचं औषधच नाही. नसेत जातं, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट पाहून, मापात. थोडं जास्त झालं तरी ते विषच आहे."

काका अजून तयार नव्हते. "पण करतं काय ते?"

"एका पेशीच्या दोन होताना आत धाग्यांची चाती बनते, तकलीसारखी. धागे दोन्ही बाजूंनी ओढतात, तेव्हा पेशी विभागते. हे औषध तो धागाच बनू देत नाही. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात, त्यांना फटका जास्त बसतो. केसांना आणि रक्तालाही बसतो, म्हणून रिपोर्ट बघत राहायचं."

"मतलब तकली बंद."

"तकली बंद."

काकांनी पट्टीवरच्या त्या एकट्या ठिपक्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "चल. एक जागा तरी सापडली, जिथे तकली बंद पडलेली बरी."

काकू तोवर उठली होती. "स्वयंपाकात मी मीठ अंदाजाने घालते," ती काकांना म्हणाली, "जहर नाही घालत. सोमवारी जाऊ. आणि ती पानं बैठकीतून उचला आधी, सोफा दिसेना झालाय."

सोमवारी पिशवी घेऊन आम्ही गेलो. मळमळीला लिंबं उपयोगी पडली, थर्मास गळका निघाला. सलाइनच्या पुढच्या फेऱ्यांत काकूचे केस गेले, मग परत आले, आधीपेक्षा कुरळे. गाठ विरली ती परत आली नाही.

काकांनी नंतर अंगणात सदाफुली लावली. कुणी साखरेच्या आजारासाठी पान मागायला आलं की काकू दारातूनच म्हणते, "फूल न्या देवाला. पानाला हात लावायचा नाही, भिया; त्याला अख्खा कारखाना लागतो."