गंगाजलानं धुतलेली सुई

बाईंनी माझं आडनाव विचारलं, तेव्हा त्यांच्या नातीच्या कानाची पाळी माझ्या चिमटीत होती. पेनानं ठिपका देऊन झाला होता.

मी आडनाव सांगितलं. बाईंनी पोरीला खसकन मागं ओढलं.

"सेठजी, हिला हटवा. आमच्या घरची मुलगी आहे. तुम्हीच टोचून द्या."

ग्वाल्हेरच्या नई सडकवरच्या त्या सराफी दुकानात कान-नाक टोचायचं काम माझं होतं. त्याआधी शहराच्या कंपू भागातल्या एका दवाखान्यात तीन वर्षं मी जखमांच्या पट्ट्या बदलल्या होत्या. घाणेरडी सुई काय करते, ते मला सेठजींपेक्षा जास्त कळत होतं. बाईंचे पूर्वज ज्या फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले, त्याच फौजेचे घोडे आमच्या पूर्वजांनी सांभाळले. आम्ही दोघी आपापल्या घरात मराठीच बोलतो. पण आडनावातून जात काढायला बाईंना क्षणही लागला नाही.

घराण्याची सोन्याची सुई त्यांनी रेशमी चिंधीत गुंडाळून आणली होती. चार पिढ्यांचे कान तिनंच टोचलेले. ती माझ्या दुसऱ्या हातात होती, उकळायला ठेवायची म्हणून.

"टाक खाली! बाटवलीस."

मी सुई ठेवली. बाईंनी पिशवीतून गंगाजलाची लोटी काढून तिच्यावर चार थेंब शिंपडले. झाली शुद्ध!

मी म्हटलं, "बाई, असे जंतू मरत नाहीत. उकळू तरी द्या. नाहीतर बंद पाकिटातली नवी सुई आहे."

सेठजींनी डोळे वटारले. पान खाऊन कुडत्याला पुसलेल्या हातानं त्यांनी तीच सुई पोरीच्या कानात घातली. पोर किंचाळली. मग सेठजींनी माझ्या हातात ओलं फडकं दिलं. मी बसले होते ते स्टूल पुसायला. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

मी पुसलं. हे सांगताना आजही स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते.

सहाव्या दिवशी बाई परत आल्या. पोरीचा कान वांग्यासारखा सुजलेला. पू. अंगात ताप.

"हिचा हात लागला, म्हणून झालं. पाया पडून माफी माग म्हणावं हिला."

सेठजी मला म्हणाले, "अरे, माँग ले माफ़ी, क्या जाता है तेरा? बात ख़तम कर."

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि पोर तिथंच तापानं फणफणत बसलेली. आधी माफी, मग डॉक्टर, असा बाईंचा हिशोब. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. या बाईला नातीच्या कानापेक्षा माझं वाकणं जास्त हवं होतं.

"माफी नाही मागणार," मी म्हटलं. "माझा हात लागला म्हणून तुम्ही सुई धुतलीत. रोग होईल म्हणून उकळली नाहीत. कान तुमच्या सोवळ्यानं सडवलाय. उचला तिला, दवाखान्यात न्या."

"जीभ फार चालते गं तुझी."

"आता चालणारच."

नोकरी त्याच दिवशी गेली. पोरीच्या पाळीचा तुकडा काढावा लागला. तिचं वाईट वाटतं मला. उकळत्या पाण्यात ती सुई मी जबरदस्तीनं का टाकली नाही, असं वाटत राहतं. बाईंचं काडीइतकं वाईट वाटत नाही.

मी दोन तक्रारी लिहून दिल्या. एक आरोग्य खात्यात: सुई कुणाची, टोचली कुणी, का उकळली नाही. दुसरी पोलिसात: मला काय म्हटलं, काय पुसायला लावलं. घरी सगळे म्हणाले, मोठ्यांशी वैर कशाला. मी म्हटलं, वैर त्यांनी केलंय, मी फक्त लिहिलं. प्रकरण कोर्टात गेलं.

आता शहराच्या हजिरा भागात कान-नाक टोचायची माझी स्वतःची खोली आहे. प्रत्येकाला नवी सुई, मग तो कुणीही असो. गेल्या महिन्यात बाईंचा मुलगा तिथं आला. हातात मिठाईचा डबा.

"ताई, केस सोडून द्या ना आता. आई म्हातारी झालीय."

"म्हातारी तेव्हाही होती."

डबा त्याच्याच हातात परत दिला. मला त्यांचा पश्चात्ताप नको. भर कोर्टात, लोकांसमोर, बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगावं की सुई उकळू का दिली नाही. त्यांना जमलं नाही, तर त्यांच्या वतीनं मुलानं सांगावं. तोवर एकही तारीख मी चुकवणार नाही.