खांबाजवळच्या खुर्चीतलं हसू

आमच्या शेजारच्या काकांचा धंदा कुलपांचा. हरवलेल्या किल्ल्या करून द्यायच्या, गंजलेली कुलपं उघडायची. स्वतःच्या तोंडाला मात्र त्यांनी कायमचं कुलूप घातलेलं. काकू अगदी उलट. ती बोलायला बसली की ऐकणाऱ्याची सुटका नाही.

रेडिओ केंद्रात दर महिन्याला एका विनोदी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग व्हायचं, प्रेक्षकांसमोर. दोघं न चुकता जायची. दुसरी रांग, खांबाजवळच्या खुर्च्या. काकूला विनोद कळायचा, पण उशिरा. सगळे हसून गप्प झाले की हिची ट्यूब पेटायची, आणि मग ही एकटीच खो खो हसत सुटायची. मुख्य नट तर तिच्यासाठी थांबायलाच शिकला होता. काका मान खाली घालून बसायचे.

रविवारी कार्यक्रम लागला की काकू विचारायची, "माझं हसणं ऐकू आलं का हो?"

"आलं की," काका म्हणायचे. लक्ष हातातल्या कुलपात.

"मला कसं नाही आलं मग?"

उन्हाळ्यात काकू गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. घरात तिचे फोटो खूप, पण दात पुढे म्हणून प्रत्येकात ओठ घट्ट मिटलेले. काका कितीतरी दिवस ते फोटो बघत बसले आणि एकदा माझ्या दारात येऊन म्हणाले, "तिचं हसणं त्या टेपांत असेल ना गं? एकदा ऐकवतील का?" एवढं बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या रेकॉर्डिंगला आम्ही जरा लवकर गेलो. टेपा सांभाळणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. न मागता चहा आला की पुढचं काही बरं नसतं.

"काका, त्या उशिरा हसायच्या," बाई म्हणाल्या. "ते थांबणं आणि ते हसणं, दोन्ही आम्ही कापायचो. कार्यक्रम वेळेत बसवावा लागतो. कापलेलं काही ठेवत नाही हो."

"एकही नाही?"

"नाही."

मला बाईंचा राग आला. त्यांची काही चूक नव्हती म्हणून जास्तच आला. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे तिला ऐकू येत नव्हतं, ते खरंच होतं."

घरी जाऊ म्हटलं तर ऐकेनात. नेहमीच्या खुर्चीवर बसले. शेजारची मला दिली नाही, मी मागे बसले. पहिल्याच विनोदाला सभागृह हसलं आणि शांत झालं. नट सवयीने थांबला, खांबाकडे बघत. काकू गेल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काका रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून ताठ बसले होते. मला रडू आवरेना.

बाहेर पडताना काका म्हणाले, "आज जरा जास्तच थांबला तो. तेवढंही कापतील आता."