ताईच्या वाटेवरची जनावरं

मास्तरांनी शेहेचाळीस वर्षं कापड कापलं. शाळांचे गणवेश, वकिलांचे काळे कोट, बँडवाल्यांचे सोनेरी पट्ट्यांचे अंगरखे. शिलाईच्या एका मोठ्या दुकानात ते कटिंग मास्तर होते. गिऱ्हाइकाची मापं घ्यायची, कापडावर खडूनं आखायचं आणि कात्री चालवायची. शिवायला दुसरे होते. पट्टी वाकडी जाईल पण मास्तरांची रेघ जाणार नाही, असं दुकानात बोललं जायचं. मात्र ती रेघ कुणाच्या नजरेला पडायची नाही. ती शिलाईच्या आत जायची, आणि बाहेर राहिलेली इस्त्रीच्या आधी झटकून टाकली जायची. मास्तरांना त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. खडू असतोच जाण्यासाठी, असं ते धरून चालले होते.

सत्तरी जवळ आली आणि उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या कपात लाटा दिसायला लागल्या, मग कापडावर. एक दिवस लोकरीच्या कोटाचा खांदा दोन बोटं आत कापला गेला. ते कापड पुन्हा मिळण्यातलं नव्हतं. मालक एका शब्दानं बोलला नाही, आणि तो बोलला नाही हेच मास्तरांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळली, कापडावर आखायच्या चपट्या खडूंचा एक खोका बगलेत मारला आणि ते घरी आले ते आलेच.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दार थेट फुटपाथवर उघडायचं. घरात ते आणि त्यांची ताई, दोघंच. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मास्तर चार वर्षांचे होते. तेरा वर्षांच्या ताईनं त्यांना कडेवर घेतलं ते एका अर्थानं खाली ठेवलंच नाही. तिचं लग्न झालं, सहा वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. मास्तरांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मापात बसणारी मिळाली नाही." ताई खिडकीशी बसून दुकानाची काज-बटणं करायची. भावानं कापलेल्या कोटाला बहिणीनं काजं करायची, असं तीस वर्षं चाललं.

मास्तर घरी बसले आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की ताईचं काहीतरी बिनसलं आहे. दिवसभर दुकानात असल्यामुळे ते त्यांना दिसलं नव्हतं. कात्री पिठाच्या डब्यात सापडायची. एकाच बटणाला ती चारदा टाके घालायची. एका दुपारी तिनं मास्तरांना विचारलं, "धाकट्या, आई अजून कशी आली नाही रे?" मास्तर म्हणाले, "येईल."

मग ती हरवली. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला म्हणून गेली. चाळीस वर्षं ती त्या बेकरीत जात होती. पाच तास मास्तर गल्ल्या पालथ्या घालत होते. संध्याकाळी बस डेपोतल्या बाकावर ती वाहतूक पोलिसाला सापडली. पाव मांडीवर होता आणि पायात एकच चप्पल होती. पोलिसानं हळूच मास्तरांना बाजूला घेतलं. "काका, यांना एकटं सोडत जाऊ नका."

मास्तरांनी दाराला बाहेरून कडी घालायला सुरुवात केली. दूध आणायला, औषधाला, कुठेही जाताना. एकदा ते परतले तेव्हा ताई आतून दारावर थापा मारत होती. तिचे तळवे लाल झाले होते. "मी काय गुन्हा केला?" तिनं विचारलं. आवाज चढवून नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. मास्तरांनी त्या दिवसापासून कडी लावली नाही. पण त्यांचा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज एकाच वाटेनं चालवा. वाटेवर खुणा करा." मास्तरांनी बेकरीपासून दारापर्यंत खडूनं बाण काढले. ताई बाणांवरून सरळ पुढे निघून गेली. बाण म्हणजे काय हे तिच्या डोक्यातून गेलं होतं. त्यांनी ठळक अक्षरांत 'घर' लिहिलं. ताई त्याच्याकडे बघून म्हणाली, "छान आहे नक्षी."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर आठवडाभरानं एका सकाळी दोघं बेकरीतून परतत होते. ताई मध्येच थांबली. फुटपाथच्या फरशीला एक तडा गेला होता आणि तड्याच्या टोकाला गवताचं पातं उगवलं होतं. ताई वाकली, बोट दाखवून म्हणाली, "उंदीर."

"कुठं?"

"हा काय. शेपूट बघ."

मास्तरांनी पाहिलं. शेपूट होतंच. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, गुडघे करकरत खाली बसले, खिशातला खडू काढला आणि तड्याच्या दुसऱ्या टोकाला दोन कान काढले. मग डोळा, मग मिशा. हात थरथरत होता. कापडावर त्या थरथरीनं कोट वाया घालवला होता. इथं त्याच थरथरीनं उंदराच्या अंगावर केस उभे राहिले. मास्तर आपल्याच हाताकडे बघत राहिले.

ताई हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, पूर्वी हसायची तशी. कितीतरी महिन्यांनी तिचं हसू मास्तर ऐकत होते. "भुकेला आहे मेला," ती म्हणाली आणि तिनं पावाचा कण मोडून उंदरासमोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती उंदरापाशी आपण होऊन थांबली.

मग मास्तरांना दुसरं काही सुचेना. बेकरी ते घर अंतर दोनशे दहा पावलं. त्यांनी ती वाट तागा उलगडावा तशी नजरेखालून घातली. पाण्याच्या मीटरच्या गोल झाकणाला चार पाय आणि मान काढली, कासव झालं. दिव्याच्या खांबाच्या बुडाला सोंड आणि कान दिले. भिंतीतून आलेल्या नळाच्या वाकड्या तोटीला पिसं लावून बगळा केला. फुटलेल्या कठड्यातल्या सळया दात म्हणून वापरल्या आणि मगरीच्या डोक्यावर टोपी चढवली, नाहीतर ताई भ्यायली असती. शेवटी आपल्या दाराच्या पायरीवर कोंबडी आणि तिच्या मागे पाच पिल्लं. प्रत्येक जनावराच्या जागेवरून पुढचं दिसलं पाहिजे, एवढा एकच नियम त्यांनी पाळला.

ताई एकापाशी थांबायची, काहीतरी बोलायची आणि पुढचं दिसलं की तिकडे निघायची. पंधरा दिवसांनी मास्तरांनी तिला बेकरीत सोडलं आणि ते स्वतः दारात उभे राहिले. ती आली. हत्तीच्या खांबाला टपली मारून, मगरीला वळसा घालून आली आणि कोंबडीपाशी येऊन म्हणाली, "आज एक पिल्लू कमी आहे." ताईचाच पाय पडून एक खरोखरच पुसलं गेलं होतं. मास्तरांनी तिच्यादेखत ते पुन्हा काढलं.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. समोरच्या इमारतीचे सेक्रेटरी एका सकाळी कपाळाला आठ्या घालून आले. "मास्तर, तुमच्यासारख्या माणसानं हे काय पोरखेळ मांडलेत? रस्ता आहे हा."

मास्तर उकिडवे बसून बगळ्याचा पाय दुरुस्त करत होते. ताईबद्दल सांगितलं असतं तर सेक्रेटरी वरमले असते. पण बहिणीचं दुखणं त्यांना चव्हाट्यावर मांडायचं नव्हतं. "हात रिकामा राहत नाही हो," एवढंच ते म्हणाले.

"मग घरात काढा."

"घरात बगळे येत नाहीत."

सेक्रेटरी निघून गेले. झाडूवाली बाई पलीकडे उभी राहून ऐकत होती. ती रोज सकाळी तो रस्ता झाडायची, आणि ताई कशी चालते हे तिनं केव्हाच हेरलं होतं. ती जवळ येऊन झाडूवर हात टेकून म्हणाली, "माझ्या सासूचंही असंच होतं. तुम्ही काढा. मी तुमच्या कासवाला सोडूनच झाडते, बघितलं नाही का?" मास्तरांनी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून ते तिच्यासाठी चहाचा कप कट्ट्यावर ठेवू लागले.

त्यानंतर चार-पाच महिने बरे गेले. येणारेजाणारे जनावरांना वळसे घालू लागले. कुणीतरी मगरीच्या टोपीला लाल पीस काढलं. कुणी ते कधी कळलं नाही.

एका सकाळी ताई बेकरीत गेलेली असताना पाण्याची मोठी वाहिनी फुटली. मास्तर दारात उभे होते. बघता बघता फुटपाथवरून गढूळ पाण्याचा लोंढा आला आणि कोंबडी, पिल्लं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. वाटच गेली होती. ते चपला न घालता धावत सुटले. मगर नव्हती, बगळा नव्हता. त्यांना डोळ्यांपुढे बस डेपोतला बाक दिसायला लागला.

ताई वाटेवरच सापडली. मीटरच्या झाकणाशेजारी ती पाण्यात बसली होती, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, पाव डोक्यावर धरलेला.

"ताई, अगं ऊठ. इथं का बसलीस?"

"कासव गेलंय बाहेर," ती म्हणाली. "येईल एवढ्यात. ते आलं की पुढं जाऊ."

मास्तर तिच्याशेजारी बसले. लोक बघत होते, पाणी दोघांच्या मांड्यांवरून वाहत होतं. वाट पुसली गेली तरी ती भरकटली नव्हती. जिथं कुणीतरी भेटायचं, तिथं ती थांबली होती. थोड्या वेळानं पाणी ओसरलं. मास्तरांनी ओल्या झाकणावर खडू चालवून पाहिला, ओल्यावर उमटेना. मग त्यांनी सदऱ्याच्या कोरड्या बाहीनं झाकण पुसून कोरडं केलं, पाय काढले, मान काढली.

"आलं," ताई म्हणाली, आणि हात पुढे करून उठली.

पण दुखणं कुठं थांबतं. थंडीत तिचं चालणं सुटलं. तिची खाट खिडकीशी लावली, आणि मास्तरांनी खाटेशेजारच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागांना, पोपड्यांना नाकडोळे दिले. ती त्यांच्याशी बोलायची. मास्तरांना मात्र ओळखेनाशी झाली. त्यांना ती "खडूवाले" म्हणायची, आणि अहोजाहो करायची. एकदा तिनं विचारलं, "खडूवाले, तुम्हाला बहीणभाऊ?"

"एक बहीण आहे," मास्तर म्हणाले.

"सांभाळते का?"

"तिनंच सांभाळलं."

"मग बरं," ताई म्हणाली आणि डोळे मिटून पडली. एका सकाळी मास्तर दूध तापवत असताना ती गेली. भांडं उतरवून ते तिच्याजवळ येईपर्यंत सगळं झालेलं होतं.

पुढचा महिनाभर मास्तरांनी खडूला हात लावला नाही. बाहेरची जनावरं पायांखाली, उन्हात पुसट होत गेली. झाडूवाली बाई एकदा दारात येऊन अपराध्यासारखी म्हणाली, "मास्तर, हत्ती गेला. मी नाही हो पुसला, आपोआप गेला." मास्तरांनी मान हलवली. तिला बसायला सांगितलं, चहा दिला.

आणखी काही दिवसांनी एक अनोळखी बाई दार वाजवून उभी राहिली. पलीकडच्या गल्लीत राहणारी, पन्नाशीची, ऑफिसला जायच्या घाईत दिसत होती. झाडूवालीनं पाठवलं म्हणाली. वडिलांचं तिला सांगायचं होतं, पण सांगता सांगता ती थांबली. मास्तरांनी तिला पुढचं सांगायला लावलं नाही.

"कुठून कुठपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"बागेच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत. तेवढंच जातात. गेले तर परत येत नाहीत."

"जनावरं आवडतात?"

बाईनं विचार केला. "नाही. बाबा गार्ड होते, मालगाडीवर. आयुष्यभर शेवटच्या डब्यात."

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गल्लीत गेले. आधी त्या आजोबांना चालताना मागून बघितलं. पाऊल किती लांब पडतं, किती पावलांवर दम लागतो, नजर किती पुढे जाते, हे कोटाचं माप घ्यावं तसं मनात टिपून घेतलं. मग खाली बसले. फरशांच्या सांध्यांचे रूळ केले, आडव्या भेगांचे स्लीपर. दगडी पायरीचं स्टेशन झालं. दम लागायच्या प्रत्येक जागी त्यांनी एक सिग्नल काढला, पट्टी आडवी, म्हणजे थांबायची खूण. रेघ अर्थातच थरथरत होती. रूळ लांबून उन्हात थरथरतात, तसे ते दिसले.

दोन सकाळी लागल्या. तिसऱ्या सकाळी आजोबा फाटकातून बाहेर आले आणि खाली बघून जागच्या जागी थबकले. त्यांनी कोटाची बटणं लावली. मग रुळांवर पाय न देता कडेकडेनं चालत ते पहिल्या सिग्नलपर्यंत आले, आणि तिथं उकिडव्या बसलेल्या मास्तरांना त्यांनी कामाच्या माणसाच्या आवाजात विचारलं, "पडला का सिग्नल?"

मास्तरांनी सिग्नलची आडवी पट्टी बोटानं पुसली, तिरकी करून पुन्हा काढली.

"पडला," ते म्हणाले. "निघा तुम्ही."