खंडेनवमीची मोकळी लाइन

सातपूरच्या आमच्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेल बनायची, आणि अख्ख्या ऑफिसला मिळून इंटरनेटची एकच बारीकशी लाइन होती. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. कोणत्या खात्याला तिचा किती वाटा द्यायचा, हे मी ठरवायचे. माझं माहेर कळवणकडचं. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ कसे भांडतात ते लहानपणापासून पाहिलेलं. इथेही तेच. डिझाइनच्या फायली जड, म्हणून त्यांना मोठा वाटा. त्याखालोखाल खरेदी. अकाउंट्सला सगळ्यात कमी, कारण चार मेल पाठवायला इंटरनेट लागतं कितीसं, असं माझं ठाम मत होतं. वाटा वाढवून घ्यायला लोक माझ्या टेबलावर चिवडा आणून ठेवायचे. मी चिवडा खायचे आणि वाटा तेवढाच ठेवायचे.

अकाउंट्सच्या प्रमुखांना सगळे काका म्हणत. त्यांनी मात्र कधी काही मागितलं नव्हतं. मग मेलबर्नला त्यांच्या मुलीला मुलगी झाली. जावयाने तिकडे कॅमेरा बसवला, आणि काका जेवणाच्या सुट्टीत स्क्रीनसमोर बसू लागले. त्या चिंचोळ्या वाट्यातून नात यायची ती तुकड्यातुकड्यांनी. कधी कपाळाच्या जागी राखाडी चौकोन, कधी नुसतंच दुपटं. पूर्ण चेहरा काही दिसेना.

"आज कान पाहिला," एकदा ते मला खुशीत म्हणाले. थोडा वेळ वाटा वाढवून देते म्हटलं, तर ऐकतील तर शपथ. "नको गं. डिझाइनचं काम अडेल. दोन वर्षांनी ती इकडे येईल, तेव्हा बघू चेहरा."

लाइन अगदी मोकळी असायची ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी आम्ही सगळी हत्यारं पुजायचो. लेथ, ड्रिल, पाने, आणि हल्ली कॉम्प्युटरसुद्धा. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी आपल्या हत्याराला हात लावायचा नाही. पूजा करायचे काकाच, आणि हा नियम पाळायला लावायचेही काकाच. पूजेनंतर कॅल्क्युलेटर दाबला म्हणून त्यांनी एकदा मॅनेजरसाहेबांनाही झापलं होतं.

त्या वर्षी पूजेच्या आधी मी गुपचूप सगळे वाटे काढून टाकले आणि अख्खी लाइन अकाउंट्सकडे सोडली. मेलबर्नला निरोप धाडला. काकांच्या कॉम्प्युटरवर सगळी तयारी करून ठेवली. एवढी हुशारी केली, पण त्या दिवशी काका स्वतःही हात लावणार नाहीत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आरती झाली. खंडेनवमीला घरची माणसं कारखाना बघायला येत, तशा काकूही आल्या होत्या. पेढे वाटणं चाललं होतं, तेवढ्यात काकांच्या कॉम्प्युटरवर घंटी वाजली. काका लगबगीने खुर्चीपर्यंत गेले आणि झेंडूचा हार घातलेल्या कीबोर्डपाशी थबकले.

"राहू दे," ते म्हणाले. "आज नाही."

मी माउसकडे हात नेला, तर मलाही अडवलं. "तुझंही हत्यार तेच."

घंटी वाजतच होती. काकू पुढे आल्या. "अहो, हे हत्यार तुमचं हाय, माझं नाय. माझी विळी. ती घरी पुजून आले मी." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुठं दाबू, सांग."

मी दाखवलं तिथे त्यांनी बोट दाबलं.

आणि नात आली. अख्खी. पापण्या, नाकाचा शेंडा, हनुवटीवरची लाळ. तिने भलीमोठी जांभई दिली, आणि समुद्रापलीकडची ती जांभई आत्ताच्या आत्ता सातपुरात आमच्यासमोर उमलली आणि मिटली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या लाइनीचे मी इतके दिवस कंजूषपणे तुकडे पाडत होते, तिच्यातून एक जिवंत माणूस येऊ शकतं, हे मला, ते काम करणारीला, ठाऊकच नव्हतं. मागे सगळा कारखाना उभा होता, पेढे हातात तसेच.

काकांच्या बोटाला पूजेचं कुंकू होतं. त्यांनी ते बोट पुढे केलं आणि काचेवर, तिच्या कपाळावर टेकवलं.

"लावलात ना हात!" काकू म्हणाल्या.

काकांना ऐकूच गेलं नाही. नातीने मान वळवली, कुंकू तिच्या गालावर आलं. काकांनी पुन्हा कपाळ शोधलं, पुन्हा टेकवलं. ती परत हलली. काचेवर लाल ठिपके वाढत गेले, आणि काका एकेका ठिपक्यामागून तिचं कपाळ शोधत राहिले.