तीन ठिपक्यांचा चाकू

जुन्या चाकूचं पातं पाहून मी त्याचं वय सांगू शकतो. निदान नानांच्या एक्याऐंशीव्या वाढदिवसापर्यंत तरी सांगू शकत होतो.

पातं जिथे मुठीत शिरतं, तिथे कारखान्याचा शिक्का असतो. काही कारखाने शिक्क्याखाली ठिपके देत आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत. ठिपके मोजा, साल सांगा! (निजामपुऱ्यातल्या आमच्या घरात तेव्हा असे एकोणतीस घडीचे चाकू होते. भाजी चिरायला त्यातला एकही मिळत नाही, असं ही म्हणते.)

नाना म्हणजे माझे सासरे, रेल्वेतले निवृत्त फिटर. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या अकलेबद्दल एकही बरा शब्द काढला नव्हता. वाढदिवसाला हरणीतल्या त्यांच्या घरी सगळे जमलेले असताना त्यांनी आपला घडीचा चाकू माझ्यापुढे धरला.

"जावईबापू, फार विद्वान झालात म्हणे! याचं वय सांगा. बरोबर आलं तर चाकू तुमचा."

मी खिशातून भिंग काढलं. कारखान्याचं नाव पार पुसलेलं, पण खाली तीन ठिपके अगदी ठसठशीत!

"शंभर वर्षं! अस्सल विलायती!" मी जाहीर केलं.

नाना चक्क उभे राहिले. "शाब्बास!" (सव्वीस वर्षांतला पहिला.)

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या, हातात डाव. "कसली शंभर? ते ठिपके मी पाडून घेतलेत."

"माई, ठिपके कारखान्यात पाडतात," मी म्हणालो.

"मांडवीच्या बाजारात पाडतात! भांड्यांवर नाव घालायला गेले होते ना, त्याच भांडेवाल्याकडून. रेल्वे क्वार्टर्समध्ये आठ घरं. बारसं असो की हळदीकुंकू, सगळ्यांच्या वस्तू एकत्र व्हायच्या. चाकूवर नाव मावेना, म्हणून घर नंबर घातला. आमचा तीन."

मग माईंनी पातं खिडकीशी धरलं. भिंग नाही, चष्मासुद्धा नाही! "ही खाच नीताच्या बारशाची, खोबरं उकरताना पडली. इथे झिजलंय ते कैऱ्यांनी. कारखान्याचं नाव गेलं ते माझ्या राखेनं घासून. आणला तेव्हा नीता पोटात होती, म्हणजे झाली त्रेपन्न—"

"आई, आकडा कशाला!" ही ओरडली.

काय ती बाई! पात्यावरचा अख्खा संसार घडाघडा वाचला. मी तिथेच हात जोडायला हवे होते. पण आत्ताच मिळालेला शाब्बास हातचा जाऊ द्यायचा? मी खिशातून माझा सर्वांत लाडका, जुन्या बाजारात मिळालेला चाकू काढला.

"मग हा बघा! हीच घडण, पण ठिपके चार. म्हणजे एक वर्ष आधीचा. शास्त्र आहे हे!"

"चार?" माई सोफ्याकडे वळल्या. "अहो लेलेवहिनी, तुमचा सापडला!"

चार नंबरच्या लेलेवहिनी, माईंच्या जुन्या शेजारीण, वय अठ्ठ्याहत्तर, बशी ठेवून तरातरा आल्या. "हाश! दोघांनी एकाच फेरीवाल्याकडून घेतले होते. आमचा कोजागिरीला गेला तो गेलाच. लो बोलो, जावयाकडे निघाला!"

सगळी मंडळी माझ्याकडे बघू लागली. वहिनी मात्र तो घेऊन कोशिंबिरीची काकडी सोलायला बसल्यासुद्धा. (काय सुरेख सोलतो हो! मी कधी उघडून वापरलाच नव्हता.)

"तो शाब्बास रद्द समजा," नाना म्हणाले आणि आपला चाकू माईंच्याच हातात राहू देत खाली बसले.

आता माझ्याकडे अठ्ठावीस आहेत. त्यांचं वय मी कुणाला सांगत नाही. त्यातल्या एकावर पाच ठिपके आहेत, तो कपाटाच्या तळाशी हिच्या साड्यांखाली ठेवलाय. पाच नंबरच्या काकू अजून खणखणीत आहेत, असं माईंकडून कळलं.