नानाकाका आणि फुटणारे तारे

नानाकाका गेल्याचा फोन आला, तेव्हा माझा लेख टेबलावर अर्धवट पडला होता. फुटणाऱ्या ताऱ्यांपासून पृथ्वीला धोका आहे का, हा त्याचा विषय. आणि तो लिहिण्याचा आग्रह नानाकाकांचाच. पन्नाशी उलटल्यावर लेखणी हाती घेतलेल्या माझ्यासारख्या संकोची बाईचे पाऊल आग्रहाखेरीज उचलत नाही. "केम, लेखिकाबेन, झाली का सुरुवात?" असे ते गुजराती-मराठीची सरमिसळ करून फोनवर चिडवीत.

माझे हे धाकटे काका तेलशुद्धीकरण कारखान्याच्या अग्निशमन विभागातून निवृत्त झालेले. भोंगा वाजला की धावण्याआधी आगीचे अंतर आणि वाऱ्याची दिशा विचारायची, ही त्यांची शिस्त. मृग नक्षत्रातला काक्षी तारा फुटून प्रलय होणार, अशी बातमी केबलवर झळकली, तेव्हा सुभानपुऱ्यातील त्यांच्या सोसायटीत घबराट उडाली. शेजारच्या कोकिळाबेन तर रडवेल्या झाल्या.

"नानाभाई, फूटशे तो?"

"तो मफतमां आतशबाजी जोवा मळशे, बेन!" फुटला तर फुकटात आतषबाजी बघायला मिळेल, असे म्हणून काका हसले.

मग त्यांनी शांतपणे समजावले. तारा फुटताना निघणारे किरण आपले ओझोनचे कवच विरवू शकतात, हे खरे. पण त्यासाठी तो पन्नासेक प्रकाशवर्षांच्या आत हवा. काक्षी शेकडो प्रकाशवर्षे दूर. फुटला तर दिवसाही दिसेल, एवढेच.

त्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी ओझोनच्याच परिच्छेदात अडले होते. ख्यालीखुशाली विचारण्याआधी शंका विचारली. त्यांनी ती निरसली, मध्ये दोनदा थांबून...

"दम लागतोय का, काका?"

"छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय. विशेष नाही. काकू देवळातून येईलच. तू परिच्छेद पुरा कर."

मी पुरा केला. शेकडो प्रकाशवर्षांचा हिशेब मांडणाऱ्या मला माझ्या अलकापुरीहून त्यांच्या सुभानपुऱ्याचे, रिक्षाने दहा मिनिटांचे, अंतर सुचले नाही. दुपारी तो फोन आला. मी गेले असते तरी काही उपयोग नव्हता, असे डॉक्टर सांगू लागले. मी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही.

लेख अजून कोठे दिलेला नाही. गेल्या आठवड्यात काकू फोनवर म्हणाली, "गुडघा दुखतोय जरा, विशेष नाही." मी तशीच रिक्षा केली. दार उघडून ती हसली, "वेडे, गुडघ्यासाठी धावत आलीस?" ती हिंचक्यावर, घरातल्या झोपाळ्यावर, बसली, नेहमीप्रमाणे आपल्याच बाजूला, आणि काकांच्या अर्ध्या फळीवर हात थोपटून म्हणाली, "बस ना."

मी खाली, तिच्या गुडघ्याशी बसले, आणि तेलाची वाटी मागितली.