वरचा मजला, खालचा देश

घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कुणी ठरवून जमवत नाही. एक ठेवली, दुसरी ठेवली, आणि एक दिवस ड्रॉवर उघडायला जावं तर तो उघडतच नाही. माझ्या ऑफिसच्या किश्शांचं तसंच झालंय. मैत्रिणी म्हणतात, एक सांग. एक ओढला की मागोमाग सगळे बाहेर येतात, त्याला माझा इलाज नाही.

ऐंशीच्या दशकात मी न्यूयॉर्कमध्ये एका छोट्या देशाच्या वकिलातीत सेक्रेटरी होते. रोज न्यू जर्सीतून आगगाडीने जायचं, संध्याकाळी परत. देशाचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही लगेच नकाशात शोधायला जाल, आणि त्याचाही एक किस्सा आहे. चार-पाच बेटांचा देश, नुकताच स्वतंत्र झालेला. माझ्या लेकीहून, केतकीहून, वर्षभराने लहान, आणि केतकी तेव्हा सेकंड ग्रेडमध्ये होती!

वकिलात म्हणजे दोन खोल्या, एक राजदूत आणि मी. राजदूत तिकडे आयुष्यभर शाळेचे हेडमास्तर होते. तोंडावर मी त्यांना एक्सलन्सी म्हणायचे, पण मनात हेडमास्तरच म्हणायचे आणि इथेही तेच म्हणणार आहे. या दोन खोल्या शेजारच्या मोठ्या देशाने स्वातंत्र्याची भेट म्हणून दिल्या होत्या. त्या मोठ्या देशाची वकिलात बरोबर आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. म्हणून आमच्यात त्यांचं नाव पडलं ‘वरचे’.

वरच्यांनी आम्हाला पुष्कळ काही दिलं. एकच गोष्ट ते देत नव्हते. त्यांच्या मोठाल्या बोटी न विचारता आमच्या समुद्रात येऊन मासे घेऊन जायच्या आणि आमच्या लोकांच्या होड्या रिकाम्या परतायच्या. ‘यापुढे विचारूनच येऊ’ एवढ्या एका ओळीखाली वरच्यांची सही आणायला हेडमास्तरांना न्यूयॉर्कला पाठवलं होतं. त्यांचे दोन सख्खे भाऊ होडीवर होते. सही घेतल्याशिवाय गावात तोंड दाखवणार नाही, असं सांगून ते निघाले होते. तीन वर्षं झाली होती. घरून पत्र आलं की ते खिडकीशी जाऊन वाचायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

*

आमचा फोन वरच्यांच्या बोर्डावरून यायचा. वर डोरिस नावाची ऑपरेटर होती. आम्हाला कुणीही फोन केला की आधी डोरिसला कारण सांगायचं, मग तिला पटलं तर ती जोडून द्यायची.

एकदा माझ्या नवऱ्याने, विलासने, येताना दही आण म्हणून फोन केला. तो माझ्यापर्यंत आलाच नाही. थोड्या वेळाने वरून शिपाई चिठ्ठी घेऊन आला, ‘योगर्ट, प्लेन, मोठा डबा.’

हेडमास्तरांना हे फार लागायचं. स्वतंत्र देशाचा फोन असा दुसऱ्याच्या हातात! पण स्वतंत्र लाइनचा अर्जसुद्धा वरच्यांच्या मार्फतच करायचा होता, आणि तो अर्ज वर कुठेतरी पडून होता.

एक दिवस हेडमास्तरांना त्यांच्याच देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांचा फोन आला. मासेमारीचंच बोलणं चाललं होतं. मंत्र्यांनी विचारलं, वरच्यांनी आपल्याला पहिल्यांदा नकार दिला ती मीटिंग कधी झाली होती? हेडमास्तरांना आठवेना. मंत्र्यांनाही आठवेना. दोघंही गप्प झाले तेव्हा लाइनवर तिसरा आवाज आला.

“मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, एक्सलन्सी.”

हेडमास्तरांनी डोरिसचे आभार मानले. करतात काय, तारीख बरोबर होती.

*

वरच्यांच्या मीटिंग रूममध्ये भिंतभर नकाशा होता. त्यांच्या बोटी नेमक्या कुठे घुसतात ते दाखवायला हेडमास्तर उठले. मी शेजारी वही घेऊन बसले होते. त्यांचं बोट समुद्रावरून इकडून तिकडे फिरलं, पुन्हा फिरलं, पण देश काही सापडेना. वरचे अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं. आमचा देश होता, पण नकाशा भिंतीवर ज्या खिळ्याने लावला होता तो खिळा नेमका आमच्यावर ठोकलेला होता!

वरच्यांच्या एका तरुण अधिकाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावत हातोडी आणायला निघाला. हेडमास्तरांनी त्याला थांबवलं.

“राहू द्या. तुमचा सगळा देश आमच्यावर टांगलाय, उगाच पडायचा.”

सगळे हसले. सही मात्र त्या दिवशीही झाली नाही.

*

वरच्यांना आमच्या विकासाची भारी काळजी. एका वर्षी त्यांनी आम्हाला आगीचा बंब भेट दिला. लालभडक, चकचकीत, वर शिडी. तो बोटीतून धक्क्यावर उतरवला तेव्हा लक्षात आलं की आमच्या मुख्य बेटावरचा एकुलता एक रस्ता बंबाहून अरुंद आहे. बंब धक्क्यावरच राहिला. लोक लग्नानंतर नवरा-नवरीला त्याच्या शिडीवर बसवून फोटो काढायला लागले.

वर्षभराने वरच्यांकडून फॉर्म आला. भेटीचा उपयोग कसा झाला? एकूण किती आगी विझवल्या? हेडमास्तर दोन दिवस त्या फॉर्मकडे बघत बसले. खरं लिहावं तर उपकाराची जाण नाही असं दिसणार, आणि खोटं लिहायचं तर हा माणूस तीस वर्षं शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आलेला. शेवटी त्यांनी मला टाइप करायला सांगितलं.

“बंब आल्यापासून आमच्याकडे एकही आग लागलेली नाही.”

वरचे इतके खूश झाले की त्यांनी दुसरा बंब पाठवला. दोन्ही धक्क्यावर शेजारी शेजारी उभे होते म्हणे.

*

वरच्यांच्या राष्ट्रीय दिनाला वर दणक्यात नाच व्हायचा. आमच्या छताचे पोपडे पडायचे. एका वर्षी आम्हाला आमंत्रण द्यायचं ते विसरले. पार्टी अर्धी झाल्यावर कुणाला तरी आठवण झाली आणि वरच्यांच्या राजदूतांनी स्वतः फोन केला, एक्सलन्सी, तुम्ही आला नाहीत?

हेडमास्तर तेव्हा चहाच्या कपातून चमच्याने चुना काढत होते.

“आम्ही पहिल्या नाचापासून सामील आहोत,” ते म्हणाले.

*

आता शेवटचा. हा सांगितल्याशिवाय मला कुणी उठू देत नाही.

चौथ्या वर्षी हेडमास्तरांचा धीर सुटला. सगळ्या देशांच्या सभेत उभं राहून, वरच्यांच्या बोटी न विचारता येतात हे जगाला सांगायचं त्यांनी ठरवलं. सोमवारी सकाळी भाषण, आणि त्याच्या प्रती सगळ्या वकिलातींना आधी वाटायच्या. कॉपीचं मशीन अर्थातच वरच्यांचं. शुक्रवारी मी मसुदा घेऊन वर गेले. मशीनवरच्या माणसाने पहिलं पान वाचलं आणि मशीन बिघडलं.

घरून मंत्र्यांची शेवटची दुरुस्ती आली रविवारी सकाळी. मी राहते न्यू जर्सीत आयसेलिनला, रविवारी आमच्याकडची कॉपीची दुकानं बंद. हेडमास्तरांचा आवाज फोनवर अगदी बसला होता. मी म्हटलं, तुम्ही ट्रेन घ्या आणि आमच्या घरी या. विलास तेव्हा महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी होता आणि मंडळाचं सायक्लोस्टाइल मशीन आमच्या बेसमेंटमध्ये असायचं. मी स्टेन्सिल टाइप केल्या, विलासने शाई भरली आणि हेडमास्तर कोट काढून हँडल फिरवायला लागले.

केतकी जिन्यात बसून बघत होती. “मॉम, ही इज ॲन ॲम्बॅसडर, राइट? देन व्हाय इज ही डूइंग डॅडीज जॉब?”

चार वाजेपर्यंत गठ्ठे बांधून झाले. सोमवारी सकाळी मी ते वाटले. वरच्यांची प्रतही नियमाप्रमाणे वर पोचवली. हेडमास्तरांनी भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही खाली येऊन वरून काय येतं त्याची वाट बघत बसलो.

बुधवारी डोरिसचा फोन आला. ती कुजबुजत होती.

“हनी, हा मिस्टर जोशी कोण आहे?”

मला काही उलगडा होईना. मग तिने सांगितलं की वर दोन दिवस दारं बंद करून मीटिंगा चालल्यात. तुमच्या भाषणाच्या शेवटच्या पानामागे कुठल्यातरी अनोळखी लिपीत मजकूर आहे. तो त्यांनी बाहेरून भाषांतर करून आणलाय, आणि आता सगळे घाबरलेत.

मी विलासला फोन लावला. कागद कमी पडले होते का रे? तो म्हणाला, हो ना, शेवटी थोडे कमी पडले, मग गणपतीच्या नोटिसा उरल्या होत्या त्या घातल्या. मागची बाजू कोरी करकरीत होती, टाकायच्या कशाला?

ती नोटीस मीच लिहिलेली होती. रविवारी दुपारी चार वाजता सर्वांनी पाण्यापाशी जमावे. नारळ आदल्या दिवशी जोशीकाकांकडे पोचवावेत. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबले जाणार नाही. काम झाल्यावर किनाऱ्यावर कोणतीही खूण राहू देऊ नये. पुढच्या वर्षी याहून जास्त संख्येने यावे.

मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं आणि हात जोडून माफी मागितली. मला रडूच फुटलं होतं. चार वर्षांचं काम आमच्या काटकसरीने पाण्यात घातलं! ते काही बोलणार तेवढ्यात वरच्यांचे राजदूत दारात उभे. चार वर्षांत पहिल्यांदा ते जिना उतरून खाली आले होते. त्यांनी तो कागद टेबलावर पालथा ठेवला आणि विचारलं, हे तुमचे मित्र कोण?

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. खोटं ते बोलणार नव्हतेच.

“चांगली माणसं आहेत,” ते म्हणाले. “रविवारी मी त्यांच्याकडेच होतो.”

पुढच्या आठवड्यात सहीची तारीख ठरली. वरच्यांची एकच अट होती, मिस्टर जोशींनी हजर असावं.

जोशीकाका आमच्या मंडळातले सगळ्यात वडीलधारे. नागपूरला पोस्टमास्तर होते, निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. मी त्यांना म्हटलं, काका, एका समारंभाला नुसतं बसायचंय, काही बोलायचं नाही. ते म्हणाले, अगं, मी कशाला बोलतोय! मुलाचा सूट घालून ते आले. तो त्यांना दोन नंबर मोठा होता, त्यामुळे आणखीच भारदस्त दिसत होते. वरच्यांनी त्यांच्यासाठी नावाची पाटी करून ठेवली होती.

कागद समोर आले. हेडमास्तरांनी सही केली. वरच्यांच्या राजदूतांनी पेन उघडलं, ती ओळ पुन्हा वाचली आणि पेन खाली ठेवलं. ‘विचारूनच येऊ’च्या ऐवजी ‘शक्यतो विचारून येऊ’ असं करता येईल का, असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. खोलीत कुणी काही बोलेना. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

आमच्या जोशीकाकांना सगळं सहन होतं, पण चारचौघांत कुणी बोलेनासं झालं की त्यांना राहवत नाही. ते टेबलावरून पुढे वाकले आणि आपल्या पोस्टातल्या खणखणीत इंग्रजीत वरच्यांच्या राजदूतांना अगदी आपुलकीने त्यांनी विचारलं,

“तुमच्या किनाऱ्यावर नारळ पोचलेत का?”

राजदूतांनी सही केली.